घरात लहान मुलं असताना कौटुंबिक प्रार्थना आणि रविवारची उपासना

दोन_पिल्लं_पुणे (धागाकर्ती):

सर्वांना सलाम. आमच्याकडे मुलगी साडेपाच वर्षांची आणि मुलगा दोनचा. परवा आमच्या चर्चच्या भगिनी मंडळात एका ज्येष्ठ बाईंनी विषय काढला की हल्लीच्या तरुण आयांच्या घरातून कौटुंबिक प्रार्थना गेली. त्यांच्या वेळी दिवेलागणीला चटई अंथरली जायची, अख्खं घर बसायचं, एक गीत, एक अध्याय, वडिलांची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. हे मी माझ्या आजोळी पाहिलंय आणि त्याचं मोल मला ठाऊक आहे. पण 'प्रार्थना गेली' हे मला अजिबात मान्य नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

त्या घरात चटईवर बसायला आजी होती, आत्या होती, धाकटा काका होता. मूल रडलं तर कुणीतरी उचलून अंगणात न्यायचं. आमच्याकडे मी एकटी. नवरा चाकणहून साडेआठपर्यंत येतो आणि धाकटा आठला झोपतो. मग चौघं एकत्र बसून प्रार्थना होणार कधी? रविवारी आणि सुट्टीला होते. बाकीचे दिवस ती दिवसभराच्या कामातच होते आणि माझ्या मते ती तिथेच असायला हवी. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलं आहे. कधी? घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. लहान मुलांच्या आईचा दिवस याहून वेगळा काय असतो?

आमच्याकडे असं चालतं. शाळेच्या रिक्षाची वाट बघताना लेक मला सांगते आज कुणासाठी प्रार्थना करायची. बहुतेक वेळा वर्गातल्या एका रडणाऱ्या मुलासाठी असते. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की हातातलं काम थांबवून आतल्या माणसासाठी एक वाक्य. धाकट्याला भरवताना तो 'आमेन' आधी म्हणतो आणि मग घास घेतो. रात्री एक गीत, एक वचन. वचन आठवड्याला बदलत नाही, महिनाभर तेच. सगळं मिळून पाच-सात मिनिटं.

माझे प्रश्न दोन. रविवारी आमची उपासना दीड तासाच्या पुढे जाते. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही काय करता? आणि शेजारच्या, शाळेतल्या सणांच्या वेळी मुलांना काय सांगता?

*

नगरची_लेक:

धाग्याबद्दल आभार, ताई. तुझ्या पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

मी भर घालते ती गाण्याची. नगरकडच्या जुन्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) पेटी, तबला, झांजा नसलेली उपासना मला आठवतच नाही. लहान मुलं बसायची त्याचं अर्धं कारण झांजा होत्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना 'फुलामुलांचा कवी' म्हणतात, पण मला त्यांचं त्याहून मोठं काम वाटतं ते हे की त्यांनी भजनं आणि अभंग आपल्या चालींत लिहिले. परदेशी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या शब्दांपेक्षा ती बायकांच्या तोंडी सहज बसली. दळताना, निवडताना म्हणता आली. टिळक १९१९ साली गेले, तरी 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक उघडलं की आजही पानोपानी भेटतात.

माझी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. शाळेत ती इंग्रजी कोरस शिकतात, ते ठीकच आहे. पण घरी पोळ्या लाटताना मी मराठी भजनच म्हणते. त्यांना मुद्दाम 'चला, गीत शिकू' असं कधी म्हणावं लागलं नाही. धाकटीला चार कडवी येतात हे मला ती भातुकली खेळताना कळलं. मुलांच्या कानावर रोज काय पडतं, यावर माझा भर आहे. बसवून शिकवलेलं पुढच्या महिन्यात जातं.

*

वाडीतली_वसई:

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमची पद्धत थोडी निराळी. पण अडचण तीच गं.

आमच्या घरी आल्तारापुढे (वेदीपुढे) रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, तेव्हा तर आळीत घरोघर. पूर्ण रोझरी म्हणजे पाच दशकं (दहा-दहा मण्यांची पाच आवर्तनं), वीस मिनिटं तरी लागतात. तीन-चार वर्षांचं मूल तेवढं बसत नाही आणि बसावं असा माझा आग्रहही नाही. मी मुलांसोबत एकच दशक म्हणते. मणी त्यांच्या हातात देते. एक मणी, एक 'नमो मरिया'. बोटांना काम असलं की मूल शांत राहतं. उरलेली चार दशकं सासूबाई आणि मी, मुलं झोपल्यावर.

आमच्या आजीच्या लहानपणी मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये असायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, ती हळूहळू मराठीत आली. तोवर बायका कळत नसलेली मिस्सा ऐकायच्या आणि मुलांना धर्म शिकवायच्या तो घरी, आपल्या बोलीत, संतांच्या गोष्टींतून. कुठल्या संताने आपला अर्धा झगा भिकाऱ्याला दिला (संत मार्टिन), कोण पाखरांशी बोलायचा (संत फ्रान्सिस). माझ्या मुलांना आजही या दोन गोष्टी रोज रात्री हव्या असतात.

रविवारबद्दल एकच सांगते. मूल लहान म्हणून मागच्या बाकावर बसू नका. मागे बसलेल्या मुलाला फक्त पाठी दिसतात. मग ते कंटाळणार नाही तर काय? आम्ही दुसऱ्या रांगेत बसतो. फादर हात वर करतात, घंटी वाजते, मेणबत्त्या पेटतात, हे सगळं त्याला दिसतं. मी कानात हळूच सांगत राहते, आता बघ हं, आता भाकर वर धरतील.

*

दोघांचा_बाबा:

धागा वाचून एक गोष्ट खटकली. इथे सगळ्या आयाच का बोलताहेत? बायबलमधल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात सहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात त्यांना वाढवा. बापांनो! आणि आमच्या मंडळ्यांत काय दिसतं? बाप पुरुषांच्या बाजूला निवांत उपदेश ऐकतोय आणि आई रडतं मूल घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारतेय. वर्षानुवर्षं त्या बाईने एक उपदेश अखंड ऐकलेला नसतो. मग तिलाच विचारायचं, घरातली प्रार्थना कुठे गेली म्हणून.

आम्ही ठरवून घेतलं आहे. एका रविवारी मूल माझ्याकडे, पुढच्या रविवारी बायकोकडे. माझ्या पाळीला मी बाहेर थांबतो, ती आत पूर्ण वेळ बसते. सुरुवातीला ज्येष्ठ मंडळींना हे विचित्र वाटलं. आता आणखी दोघं-तिघं बाप माझ्यासोबत चिंचेखाली असतात.

*

कोल्हापूरची_आजी:

लेकरांनो, सगळं वाचलं. मी शब्बाथ शाळेत (मंडळीतल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) आयुष्य काढलं आहे, म्हणून थोडं विरोधात बोलते, राग मानू नका.

छोटं करा, सोपं करा, हे मला पटतं, पण एका मर्यादेपर्यंत. पाच वर्षांच्या पोराला तेविसावं स्तोत्र पूर्ण पाठ होतं. सहाच वचनं आहेत. दोन आठवड्यांना एक घेतलं तर तीन महिन्यांत झालं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' याचा अर्थ त्याला आज कळायची गरज नाही. पुढे नोकरी गेली, घरात आजारपण आलं, की त्या दिवशी तो कळेल. पण तेव्हा कळायला ते आत असायला हवं ना? पाच वर्षांच्या मेंदूत जागा रिकामी असते, ती जाहिरातींच्या गाण्यांनी भरते आहेच.

आणि बसण्याबद्दल. मूल दहा मिनिटं शांत बसायला शिकतं ते घरी. घरी कधीच बसलं नाही तर देवळात एकदम दीड तास कसं बसेल? म्हणून ती चटई मी सोडा म्हणणार नाही. चौघं नसाल तर तिघं बसा. बाप घरी नसेल तर आईने प्रार्थना करावी. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौलाने नावं घेतली ती त्याच्या आजीची, लोईसची, आणि आईची, युनीकेची. बाप ग्रीक होता एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत येतं.

दोघांचा बाबा, तुझं बोलणं मात्र मला फार आवडलं.

*

दोन_पिल्लं_पुणे:

आजी, राग कसला! स्तोत्राचं मी मनावर घेते. महिन्याला एक वचन हा माझा वेग तुमच्यापुढे फारच संथ आहे, लेक सहज जास्त करेल. चटईबद्दल मात्र मी अजून तिथेच आहे. दोन वर्षांचा दमून आलेला जीव संध्याकाळी साडेसातला बसवणं म्हणजे त्याला रडवणं, आणि रडण्याची आठवण प्रार्थनेला चिकटावी असं मला वाटत नाही. चारचा झाला की चटई अंथरीन.

आणखी एक बोलायचंच आहे. मार्था आणि मरीयेची गोष्ट. आम्हा आयांना ती फार टोचून सांगितली जाते. मार्था कामात गुंतली, मरीया प्रभूच्या चरणाशी बसली, म्हणून तुम्ही मरीया व्हा. अहो, पण ताप आलेलं मूल आणि सिंकमधली भांडी टाकून कुठे बसू? मी योहानाचा अकरावा अध्याय पुन्हा वाचला. त्यांचा भाऊ लाजर मेल्यावर येशू येतोय हे कळताच उठून वाटेवर त्याला सामोरी जाते ती मार्था. मरीया घरातच बसून राहते. आणि 'तू देवाचा पुत्र, ख्रिस्त आहेस' ही कबुली त्या वाटेवर मार्थाच्या तोंडून येते. कामात बुडालेल्या त्या बाईचा विश्वास इतका स्पष्ट होता. हा अध्याय कुणी मातृदिनाच्या उपासनेत का घेत नाही?

*

रात्रपाळी_सोलापूर:

मार्थाबद्दल लिहिलंस त्यासाठी तुला मिठी.

मी नर्स आहे. आपल्या मंडळ्यांत नर्स आया किती आहेत ते बघा, जवळजवळ प्रत्येक बाकावर एक सापडेल. रात्रपाळीच्या आठवड्यात मी सकाळी घरी येते तेव्हा मुलगा शाळेला निघालेला असतो. आमची कौटुंबिक प्रार्थना दारात होते. तो बूट घालतो, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि आशीर्वाद म्हणते. बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला अहरोनाचा आशीर्वाद, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो. तो पूर्ण म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही. एकदा घाईत राहिला तर पोरगं फाटकातून परत आलं.

आम्ही मेथडिस्ट, म्हणजे वेस्ली बंधूंच्या पंथातले, म्हणून सुझाना वेस्लीचं नाव घेते. जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई. इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या पाळकाची बायको. एकोणीस मुलं झाली, त्यांतली नऊ तान्ही असतानाच गेली. घरात पैसा नाही, घराला आग लागून सगळं गेलेलं. तिच्याबद्दल असं सांगतात की एकांत मिळेना म्हणून ती ॲप्रन डोक्यावर ओढून प्रार्थनेला बसायची आणि मुलांना कळायचं की आता आईला हाक मारायची नाही. पण मला तिची दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडते. तिने आठवड्याची एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवली होती. जॉनचा गुरुवार, चार्ल्सचा शनिवार. त्या संध्याकाळी फक्त त्या मुलाशी बोलायचं. जॉनने पुढे, तो मोठा झाल्यावर, त्या गुरुवारांची आठवण काढून तिला पत्र लिहिलं होतं.

मला दोन मुलं. सुट्टीच्या दिवशी एकेकाला घेऊन मी एकटी बाहेर पडते. भाजी आणायला, नाहीतर नुसतं तळ्यापर्यंत. देवाबद्दलचे सगळे अवघड प्रश्न मला या चालण्यात विचारले गेलेत. आजोबा मेल्यावर आत्ता नेमके कुठे आहेत, हा त्यातला एक. घरी भावासमोर त्याने तो कधीच विचारला नसता.

*

नगरची_लेक:

सणांचा प्रश्न तसाच राहिला, तर त्यावर.

आमच्या सोसायटीत ख्रिस्ती घर एकच. गणपतीत मुलं खाली मांडवात खेळतात, मी अडवत नाही. आरतीच्या वेळी ती बाजूला उभी राहतात, गोंधळ करत नाहीत, आणि प्रसाद देणाऱ्या काकूंना दोन्ही हात जोडून 'नको काकू, आम्ही घेत नाही' म्हणतात. हे आम्ही घरी सरावाने शिकवलं. आवाज कसा असावा, चेहरा कसा असावा, तेसुद्धा. नाही म्हणताना तुच्छता दिसता कामा नये. काकूंना एकदा मीच जाऊन नीट समजावलं होतं, आता त्या माझ्या मुलांसाठी दुकानातला बिस्किटपुडा वेगळा ठेवतात.

*

वाडीतली_वसई:

आमच्याकडे प्रसाद घेतात. शेजारणीने प्रेमाने दिलेलं अन्न म्हणून घेतात आणि खाण्याआधी क्रुसाची खूण करतात. पौलाने करिंथकरांना लिहिताना मूर्तींना वाहिलेल्या अन्नाचा हा विषय दोन-तीन अध्याय चालवला आहे आणि शेवटी प्रत्येकाच्या विवेकभावावर आणि शेजाऱ्याच्या हितावर आणून ठेवला आहे. तू नाही घेत, मी घेते, दोघींची मुलं चांगली वाढतील.

*

नगरची_लेक:

यावर आपलं एकमत होणार नाही, वाडीताई, आणि ते इथे झालंच पाहिजे असंही नाही. माझ्या विवेकाला ते जमत नाही. पण तू म्हणतेस त्यातलं 'शेजाऱ्याच्या हितावर' हे मला महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडे त्याची परतफेड नाताळात होते. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, सगळा फराळ दिवाळीसारखाच. रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची. ताटं भरून मुलंच घरोघर नेतात. दारात उभं राहून नाताळ म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतात. 'येशूचा जन्म झाला, गोठ्यात झाला, म्हणून हे.' शाळेत मुलीला एकाने विचारलं होतं, तुम्ही ख्रिश्चन, मग घरी इंग्रजीत बोलता का? तिला प्रश्नच कळला नाही. तिच्या मते करंज्या, भजनं आणि येशू हे सगळं मराठीच आहे.

*

मेलबर्नहून_सलाम:

नगरची लेक, तुमचं शेवटचं वाक्य वाचून डोळे भरले. इथे उलटी परिस्थिती आहे. माझ्या मुलाला चर्चमध्ये सोबती भरपूर, पण भजन म्हणणारी मीच एकटी.

आम्ही संध्याकाळी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावतो. आमचे साडेसात म्हणजे पुण्यात दुपारचे तीन, आणि इथे उन्हाळी वेळ असली की दोन. सासूबाईंनी त्यासाठी आपली वामकुक्षी पुढे ढकलली आहे. त्या रमाबाईंच्या बायबल-भाषांतरातून चार ओळी वाचतात. पंडिता रमाबाईंनी केडगावला शेवटपर्यंत बसून ते मूळ भाषांवरून केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून, हे त्या नातवाला वारंवार सांगतात. नातू पाच वर्षांचा. तो मध्येच इंग्रजीत प्रश्न विचारतो, त्या मराठीत उत्तर देतात, आणि दोघांचं उत्तम चालतं.

*

मंडळीचा_सेवक:

मी एका लहान मंडळीचा पाळक आहे. धागा आमच्या पाळकीणबाईंनी दाखवला.

मार्काच्या दहाव्या अध्यायात लोक बाळकांना येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. तिथे येशूला राग आल्याचं लिहिलं आहे. मूल रडलं म्हणून आईकडे वळून पाहणाऱ्या प्रत्येकाने ते वचन वाचावं. आमच्याकडे मी व्यासपीठावरून स्पष्ट सांगितलं आहे की मुलांच्या आवाजाने माझ्या उपदेशात खंड पडत नाही.

काय केलं ते सांगतो. दुसऱ्या गीतानंतर पाच मिनिटं मुलं पुढे येऊन पायरीवर बसतात. त्या दिवशीच्या शास्त्रभागातलीच गोष्ट, हातात एखादी वस्तू घेऊन. नंतर मोठी मुलं शब्बाथ शाळेला जातात. तीन वर्षांखालच्यांसाठी बाजूच्या खोलीत सतरंजी, थोडी खेळणी आणि एक स्पीकर बसवला, म्हणजे तिथे जो बसेल त्याला उपदेश ऐकू येतो. बसण्याच्या पाळ्या लावल्या आहेत आणि त्यात बापांची नावं आईंच्या बरोबरीने आहेत. खर्च झाला तो स्पीकरचा. झावळ्यांच्या रविवारी मात्र कुणीच खोलीत नसतं, होसान्ना म्हणत सगळी मिरवणुकीत असतात.

एक विनंती आयांना. बाप्तिस्म्याच्या किंवा समर्पणाच्या दिवशी मंडळीने उभं राहून वचन दिलेलं असतं की या बाळाला वाढवायला आम्ही साहाय्य करू. ते वचन आम्हाला हक्काने आठवून देत जा.

*

कोल्हापूरची_आजी:

पाळकसाहेब, त्या खोलीतल्या पाळ्यांत आज्यांची नावंही घाला. आम्ही हजारो उपदेश ऐकले आहेत, एखादा चुकला तर चालेल. तरण्या पोरींना ऐकू द्या.

*

दोन_पिल्लं_पुणे:

आजी, पाळकसाहेब, मनापासून आभार. धाग्याची प्रिंट काढून आमच्या पंचमंडळाच्या सभेत ठेवली. खोली आमच्याकडे आहे, सध्या तिथे जुन्या खुर्च्या पडल्यात. त्या हलवायचं काम नवऱ्याने आणि आणखी दोन बाबांनी अंगावर घेतलंय. तेविसाव्या स्तोत्राची दोन वचनं लेकीची झाली, तिसरं चालू आहे.

आता एक मदत हवी. त्या खोलीसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची, लहान मुलांनी हाताळली तरी टिकतील अशी बायबलगोष्टींची मराठी पुस्तकं कुणाकडे वापरून झालेली आहेत का? इंग्रजी भरपूर मिळतात, मराठी सापडत नाहीत.

*

वाडीतली_वसई:

माझ्याकडे आहेत, नोहाचं तारू आणि योना. योनाचं एक पान फाटलंय, चिकटवून देते. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळव.

*

रात्रपाळी_सोलापूर:

नसतील तर कापडाची शिवता येतात, ताई. जुन्या सुती साडीवर फेल्टचे तुकडे, पानं धुता येतात. आमच्या भगिनी मंडळातल्या एक काकू शिवतात, त्यांना विचारून मापं इथेच टाकते.